जागा कमी असेल तर नॅरो गेज (नेहमीपेक्षा कमी अंतराच्या रुळांवरच्या) रेल्वेचं मॉडेल कोणत्या स्केलमध्ये करावं?

पहिलंच मॉडेल असेल तर माझं मत एचओई. यात इमारती, माणसं, झाडं १:८७ याच प्रमाणातली, म्हणजे नेहमीच्या एचओ स्केलची वापरता येतात. फक्त रूळ ९ मिलिमीटर अंतराचे, एन गेजइतकेच (एन गेज म्हणजे एचओहून लहान प्रमाणातली मॉडेल रेल्वे). हिशोब करून बघा: ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३. खऱ्या नॅरो गेजच्या ७६० किंवा ७६२ मिलिमीटर अंतराच्या रुळांच्या हे अगदी जवळ जातं. शिवाय एन गेजच्या इंजिनाची चाकं-मोटर असलेली चौकट घेऊन तिच्यावर स्वतःची बॉडी बसवता येते, आणि या छंदातला खरा आनंद मला तिथेच वाटतो.

एन गेजचे तयार रूळ मात्र शक्यतो टाळा. त्यांचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) १:८७ च्या मानाने फार लहान आणि दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे गाडी कितीही सुंदर असली तरी रूळ खोटे दिसतात. नॅरो गेजसाठीच बनवलेले, रुंद आणि विरळ स्लीपरचे रूळ मिळतात, तेच घ्या.

जागेचं म्हणाल, तर छोटी इंजिनं २५ सेंटीमीटरच्या आसपास त्रिज्येचं वळणही घेतात. खऱ्या नॅरो गेज गाड्या डोंगरात, खाणीत, उसाच्या मळ्यात अशीच तीव्र वळणं घेत धावायच्या, म्हणून लहान टेबलावरचा लेआउटही पटतो.

बारीक काम डोळ्यांना जड जात असेल तर ओएन३० बघा: प्रमाण १:४८, रूळ एचओचेच १६.५ मिलिमीटरचे. जागा थोडी जास्त लागेल, पण हाताळायला फार सोपं.