राज्य मानवी हक्क आयोगाला कायदा बदलून दात येतील का?

येतील की, पण चावी दिल्लीत आहे, आयोग राज्याचा असला तरी कायदा संसदेचा, १९९३चा. गोची कलम १८ मध्ये, आयोग भरपाईची नुसती शिफारस करतो, सरकारने नाही मानली तर हायकोर्टात जायचं. शिवाय कलम ३६ प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की चौकशीच नाही. आमच्या सदाशिव पेठेतले एक काका चौकीतल्या मारहाणीची तक्रार घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला गेले, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, आणि तिथे कळलं तेरा महिने झालेत! २०१९ला दुरुस्ती झाली त्यात काय, तर अध्यक्षाची मुदत पाचाची तीन वर्षं केली. मला विचाराल तर आधी ती वर्षाची अट काढा, शिफारस बंधनकारक वगैरे नंतर बघू.