भाच्याचे वीस थाऊ

प्रश्न : काका, मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे .३०८ ची बोल्ट रायफल आहे, राउंड (काडतुसं) घरीच भरतो. म्हणतो, गोळी रायफलिंगपासून (नळीच्या आतल्या पिळदार खाचांपासून) बरोब्बर वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागं ठेवली की ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या बारांचा घोळका, आवळतो. अर्ध्या मिलिमीटरनं खरंच एवढा फरक पडतो? माझी मुलगी दुधाळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू (.२२) रायफल मारते. तिच्या राउंडला असं काही करता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थाऊत बोलणारा वाचक भेटला, बरं वाटलं. निम्मं समजावणं वाचलं.

फरक पडतो. राउंड चेंबरमध्ये बसला तरी गोळी आणि रायफलिंगचे लँड (खाचांमधले उंचवटे) यांच्यात थोडी फट राहते. चाप ओढला की गोळी तेवढी उडी मारून लँडमध्ये शिरते. ती किती सरळ शिरते, दाब कसा चढतो, नळीतून केव्हा बाहेर पडते, हे सगळं त्या उडीवर थोडंथोडं हलतं. पण वीस थाऊ हा भाच्याच्या नळीचा आणि त्याच्या गोळीचा आकडा झाला. शेजाऱ्याच्या .३०८ लासुद्धा तो लागू पडेल असं नाही. त्याच्याच रायफलीतही तो कायमचा नाही, कारण बार होत जातात तसा नळीचा घसा झिजतो आणि लँड पुढं सरकतात.

भाच्याला एक विचारा, मोजतोस कुठून? पुंगळीच्या (राउंडच्या पितळी नळकांड्याच्या) बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत व्हर्नियर लावत असेल तर त्याचे वीस थाऊ बिनकामाचे. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, गोळीचं टोक उघडं असतं, एका डब्यातल्या गोळ्यांतही ते काही थाऊंनी पुढंमागं निघतं. लँडला टोक लागतच नाही. लागतो तो गोळीच्या गोलाईवरचा, पूर्ण जाडीच्या जरा अलीकडचा पट्टा. त्या गोलाईला ओजाइव्ह म्हणतात, आणि त्या पट्ट्यापासून मोजायला व्हर्नियरवर कंपॅरेटर नावाचा जोड बसवतात. तुम्ही टेपरचा जॉब गेज-लाइनवर तपासता, बर असलेल्या टोकावर नाही, तसंच हे.

लँड कुठं सुरू होतात ते कळायला प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) नाही, पावडर नाही अशा डमी राउंडची गोळी मार्करनं काळी करतात आणि बोल्ट हळू लावून काढतात. काळ्या रंगावर लँडचे बारीक चकचकीत ओरखडे उठतात. गोळी थोडी थोडी आत घेत गेलं की ओरखडे आखूड होत जातात आणि एका ठिकाणी नाहीसे होतात. ते शून्य.

शून्यावर गोळी ठेवण्याचा मोह मोठा असतो. माझं मत विचाराल तर, नको. लँडला टेकलेल्या गोळीनं दाब चढतो, म्हणून त्या ठिकाणी पावडर कमी करून पुन्हा खालून वर यावं लागतं. शिवाय न उडवलेला राउंड बाहेर काढताना गोळी नळीतच अडकू शकते आणि पावडर ॲक्शनभर, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेत, सांडते. उलट गोळी फारच आत दाबली तर पुंगळीतली जागा घटते, त्यानंही दाब वाढू शकतो. मॅगझिनमध्ये मावायला हवं ते वेगळंच. बर्गर कंपनी आपल्या लांब नाकाच्या व्हीएलडी गोळ्यांसाठी १०, ५०, ९० आणि १३० थाऊ उडी अशा मोठ्या पायऱ्या सांगते. मला ती रीत पटते. दोन-दोन थाऊ सरकवत तीन-तीन बारांचे ग्रुप मोजणारे नुसत्या योगायोगाच्या मागं पळत असतात. साध्या गोलाईच्या गोळ्या या बाबतीत बऱ्याच सोशिक असतात.

आता मुलीचं. तिच्या राउंडला हात लावायचा नाही. पॉइंट टू-टूत प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, गोळी कारखान्यातच आवळून बसवलेली असते. ती दाबायची नाही, ओढायची नाही. आणि कुठलाही राउंड घरी भरणं आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय गुन्हा आहे. लेथ हाताशी आहे म्हणून हात शिवशिवले तरी तो विषय तिथंच सोडा.

२०१० साली म्युनिकला आपल्या कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. दोघंही ५० मीटरवर, पॉइंट टू-टूनंच. तिथं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. भाचा जे थाऊत शोधतो ते या खेळात लॉट नंबरात, म्हणजे कारखान्यातून एकदम निघालेल्या मालाच्या नंबरात, शोधायचं. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या राउंडचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे ग्रुप देतात. प्रशिक्षकांना सांगून रायफल टेकूवर ठेवा, मिळतील तेवढ्या लॉटचे दहा-दहा बारांचे ग्रुप पाडा. प्रत्येक लॉटच्या आधी थोडे राउंड नुसते सोडा, म्हणजे आधीच्या राउंडचं मेण नळीतून निघून जाईल. सगळ्यांत छोट्या ग्रुपपेक्षा, पुन्हा पुन्हा तसाच येणारा ग्रुप निवडा. आणि पसंत पडलेल्या लॉटचे खोके हंगामभराचे एकदमच मागवा. नंतर तोच नंबर मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.