लॅपटॉप धाडकन बंद पडतो? फॉरमॅटची घाई नको

अरे, विंडोज फॉरमॅट करायला धावू नकोस. नवशिके पहिली चूक तीच करतात. विंडोजचा बिघाड सांगणारा निळा पडदा न येता, दिवा विझावा तसा लॅपटॉप जातो, तेव्हा बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक: उष्णता किंवा वीज. आधी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घे.

मग बघ, नेमका कधी जातो?

- गेम खेळताना दहा-पंधरा मिनिटांनी गेला तर उष्णता. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. गरम हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हात धर, वारा येतो का? म्हापशाला माझ्या लॅपटॉपच्या जाळीमागे लाल धूळ आणि पावसाळी ओल मिळून चक्क नमदा जमला होता! मऊ ब्रशने काढला. हवा मारणार असशील तर आतल्या पंख्याचं पातं काडीने अडव. आणि गादीवर ठेवून वापरणं बंद.
- पावसात लाइट गेली की त्याच क्षणी जातो? मग बॅटरी निकामी झालीय.
- फक्त चार्जरवरच जातो? दुसरा, तितक्याच वॅटचा चार्जर लावून बघ.

टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग थांबव, दाबू-टोचू नकोस, सरळ दुरुस्तीवाल्याकडे ने.

मदरबोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डचं, नंतर बघू. वरचं करून काय दिसलं ते सांग.