सरकारी अनुदानातील शोधनिबंध खुला करण्यासाठी शुल्क भरावेच लागते का?

प्रश्न : मी अमेरिकेतील एका विद्यापीठात एनआयएच, म्हणजे तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानावर संशोधन करते. आमचा शोधनिबंध नुकताच एका नियतकालिकाने स्वीकारला. अनुदानाच्या अटीनुसार निबंध सर्वांना मोफत वाचता आला पाहिजे, आणि त्यासाठी मोठे शुल्क भरून ‘ओपन ॲक्सेस’चा पर्याय निवडा, असे प्रकाशक सुचवतात. हे शुल्क अनिवार्य आहे का? शिवाय, अभ्यासातील रुग्णांचा डेटाही जाहीर करावा लागेल का?

– एक वाचक

उत्तर : अनिवार्य नाही. एनआयएचची अट एवढीच आहे, की तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर स्वीकारले गेलेले अंतिम हस्तलिखित ‘पबमेड सेंट्रल’ या सार्वजनिक संग्रहात जमा झाले पाहिजे, आणि तेथे ते जमा करण्यासाठी एक पैसाही लागत नाही. प्रकाशक ज्यासाठी पैसे मागतात ते त्यांच्या संकेतस्थळावरील मांडणी केलेली आवृत्ती खुली ठेवणे होय; ती वेगळी सेवा आहे. ती हवी असल्यास घ्यावी, वाजवी प्रकाशनखर्च अनुदानातून करताही येतो. पण नियमपालनासाठी म्हणून ती घेण्याचे कारण नाही.

हा संभ्रम वाढण्यामागे नियमातील अलीकडचा बदल आहे. २००८ पासून हस्तलिखित जमा करणे सक्तीचे असले, तरी प्रकाशनानंतर बारा महिन्यांपर्यंत ते वाचकांपासून रोखून ठेवण्याची मुभा होती आणि वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांना ती सोयीचीही होती. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान-तंत्रज्ञान धोरण कार्यालयाने सर्व संघीय खात्यांना ही मुभा संपवण्यास सांगितले, आणि एनआयएचने १ जुलै २०२५ पासून ती काढून टाकली. त्या दिवशी किंवा त्यानंतर स्वीकारलेला निबंध अधिकृत प्रकाशनाच्या दिवशीच खुला व्हावा लागतो. आपला निबंध नुकताच स्वीकारला गेला असल्याने त्याला हाच नियम लागू आहे.

आता खरी काळजी घ्यायची ती प्रकाशकाच्या करारावर सही करताना. अनुदान स्वीकारतानाच एनआयएचला हस्तलिखित सार्वजनिक करण्याचा हक्क मिळालेला असतो. नंतर प्रकाशकाशी केलेल्या करारात बारा महिने थांबण्याचे कलम असेल, तर आपण दोन परस्परविरोधी वचने देऊन बसाल. म्हणून तसे कलम दुरुस्त करून घ्यावे, आणि पुढील निबंधांच्या बाबतीत तर हा हक्क सांगणारे वाक्य हस्तलिखित पाठवतानाच त्यात घालावे. काही नियतकालिके निबंध परस्पर जमा करतात. तशी हमी मिळाली तरी खात्री आपणच करावी, कारण जबाबदारी अनुदान घेणाऱ्याची असते आणि पूर्तता न झाल्यास पुढील वर्षाचा निधी अडू शकतो. जाता जाता एक खुलासा : मोफत वाचता येणे म्हणजे मोफत पुनर्वापर करता येणे नव्हे. पबमेड सेंट्रलमधील अनेक निबंधांचा प्रताधिकार लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे कायम असतो.

डेटाचे धोरण वेगळे आहे. २५ जानेवारी २०२३ पासून अनुदानाच्या अर्जासोबतच डेटा-व्यवस्थापनाची योजना द्यावी लागते, आणि निबंधाच्या निष्कर्षांना आधारभूत असलेला डेटा निबंध प्रसिद्ध होईपर्यंत उपलब्ध करणे अपेक्षित असते. मात्र येथे डेटा म्हणजे निष्कर्ष पडताळता येतील एवढी नोंदलेली माहिती. प्रयोगशाळेच्या वह्या, प्राथमिक विश्लेषणे आणि प्रत्यक्ष नमुने त्यात मोडत नाहीत. रुग्णांची माहिती सरसकट जाहीर करावी, असे तर धोरण मुळीच म्हणत नाही. रुग्णांनी दिलेल्या संमतीची मर्यादा, कायदा आणि खासगीपणा ही डेटा न देण्याची किंवा मर्यादित देण्याची मान्य कारणे आहेत. नावे व पत्ते गाळले की काम झाले, असे मानणे मात्र धोक्याचे आहे. दुर्मीळ आजाराच्या छोट्या अभ्यासात वय, लिंग आणि निदानाचे वर्ष एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखता येऊ शकते. अशा वेळी अर्ज तपासून, अटी घालूनच डेटा देणारा नियंत्रित संग्रह निवडणे योग्य ठरते. आपल्या मंजूर योजनेत याहून वेगळी व्यवस्था लिहिलेली असेल, तर ती परस्पर न बदलता विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयामार्फत सुधारित योजना एनआयएचकडे पाठवून मंजुरी घ्यावी.