मुलीची स्पर्धा आणि घरची गोवा ट्रिप, दोन्ही एकाच कर्जात बसवू नका

भुसावळच्या एका वाचकाचा मेल आलाय. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे, तीन वर्षं सॉफ्टबॉल खेळतेय, आता टीमची पिचर (बॅटिंग करणाऱ्याला बॉल टाकणारी) आहे. तिच्या क्लबला गोव्यातल्या एका निमंत्रितांच्या स्पर्धेचं बोलावणं आलंय, २६ ते २८ डिसेंबर, म्हापशाच्या बाजूच्या ग्राउंडवर. ते लिहितात, "ताई, गोवा आहे म्हटल्यावर घरात सगळेच तयार झालेत, धाकटा आठ वर्षांचा आहे त्याने समुद्र बघितला नाही, आईला मंगेशीचं दर्शन घ्यायचंय, म्हटलं एका खर्चात दोन कामं होतील. हिशोब ८१,५०० वर गेला, हातात दिवाळीचा बोनस धरून २२,००० आहेत, उरलेले साठेक हजार ॲपवरून कर्ज काढू की एफडी मोडू?"

दादा, आधी एक सांगते, तुम्ही विचारलंय ते कर्ज की एफडी, आणि माझ्या मते प्रश्न तो नाहीच. तुमचा कागद मी दोनदा वाचला आणि पेन्सिलने मधे एक रेघ मारली. रेघेच्या वर मुलीचा खर्च, म्हणजे स्पर्धेची फी ९,५०० (राहणं, जेवण, टीशर्ट धरून), टीमबरोबरचा प्रवास २,८०० आणि नवा ग्लोव्ह आणि स्पाइक्सच्या बुटांचे ६,२००, झाले १८,५००. रेघेच्या खाली बाकी चौघांची तिकिटं १३,०००, हॉटेल चार रात्री २६,०००, जेवणखाण १०,०००, टॅक्सी-स्कूटर ८,०००, फिरणं आणि खरेदी ६,०००, झाले ६३,०००. आता बघा, मुलीचा जो खर्च आहे तो तुमच्या हातातल्या २२,००० मधे आत्ताच बसतोय, वर साडेतीन हजार उरतायत. तिच्या खेळासाठी तुम्हाला एक रुपयाचंही कर्ज लागत नाही. कर्ज लागतंय ते ट्रिपसाठी, आणि ती ट्रिप तुम्ही वर्षातल्या सगळ्यात महागड्या आठवड्यात करताय.

मी म्हापशात राहते, ऑफिस बाजारात आहे, त्यामुळे हा आठवडा दरवर्षी डोळ्यासमोर असतो. नाताळच्या आदल्या दिवसापासून २ जानेवारीपर्यंत इथे खोलीचा भाव कोणी विचारत नाही, फक्त खोली आहे का एवढंच विचारतात. साडेसहा हजाराची जी खोली तुम्ही धरलीय तशीच खोली जूनमधे निम्म्याहून कमी पैशात मिळते. रस्त्याचं म्हणाल तर पर्रा-कळंगुटच्या बाजूला संध्याकाळी गाड्या हलत नाहीत, टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवलं की त्याचे पैसे वेगळे. आणि तुमची गोवा एक्सप्रेस मिरज-बेळगाववरून मडगावला येते, मुंबईच्या बऱ्याच गाड्यांसारखी थिवीला थांबत नाही, म्हणजे भुसावळपासून जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र गाडीत काढून उतरल्यावर पुन्हा मडगाव ते म्हापसा पंचेचाळीसेक किलोमीटर, सामान, आई आणि झोपेतलं पोर घेऊन. हे तुमच्या ८,००० मधे बसेल असं मला वाटत नाही.

आता कर्जाचं. ॲपवाले तुम्हाला १६ टक्क्यांनी साठ हजार देतायत असं लिहिलंय, बारा हप्ते. एक हप्ता साधारण ५,४४४ रुपये येतो, वर्षभरात ६५,३०० च्या वर जातात, प्रोसेसिंग फी २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरला तर आणखी १,४१६. म्हणजे पावणेसात हजाराच्या आसपास जास्तीचे. ही रक्कम ऐकून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, वर्षात एकदा. पण मला पावणेसात हजाराची काळजी नाही, मला त्या ५,४४४ ची आहे. तुमच्या दोघांचे मिळून ५५,००० येतात, घराचा हप्ता १४,५००, आरडी ३,०००, एसआयपी २,०००, घरखर्च २७,०००, महिन्याला उरतात ८,५००. त्यातले साडेपाच हजार पुढच्या डिसेंबरपर्यंत अडकले की उरले तीन. आणि या बारा महिन्यांतच मुलगी नववीत जाणार, शालेय स्पर्धा येणार, जिल्हा, विभाग, जमलं तर राज्य, बॅट लागेल, कॅम्पची फी असेल. तेव्हा तुम्ही तिला म्हणाल, बाळा या वर्षी जरा ओढाताण आहे. ज्या ट्रिपमुळे ओढाताण झाली ती तिच्याच स्पर्धेच्या नावाने काढलेली असेल, हे मला फार लागतं.

एफडीचं तर सरळच नाही म्हणते. १,४०,००० म्हणजे हप्ता धरून तुमच्या घराचे साडेतीन महिनेसुद्धा नाहीत, त्यातले साठ काढले तर दोन महिनेही धड राहत नाहीत, आणि तुमची नोकरी खाजगी दुकानातली आहे. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते ते वेगळंच. आरडी जानेवारीत सुटतेय तिच्यावरही डोळा ठेवू नका, विम्याचा १८,६०० चा हप्ता आणि शाळेचे १२,००० जानेवारीतच आहेत, ते ३६,००० त्याच्यासाठीच जमवलेत ना.

मग काय करायचं? मुलगी जाऊ दे. ह्यात मला काही शंका नाही. तेराव्या वर्षी दुसऱ्या राज्यात, अनोळखी मुलींसमोर, आपल्या टीमबरोबर बॉल टाकायचा, हारायचं-जिंकायचं, डॉर्मिटरीत राहायचं, ह्याचा फायदा पैशात मांडता येत नाही आणि मांडायचाही नाही. पण ती स्पर्धा कसली आहे ते डोळे उघडे ठेवून समजून घ्या. निमंत्रितांची स्पर्धा म्हणजे बहुतेक वेळा खाजगी आयोजन असतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण किंवा पुढे नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, ह्यासाठी शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांचंच प्रमाणपत्र चालतं, खाजगी स्पर्धेचं छान छापलेलं सर्टिफिकेट तिथे उपयोगाला येत नाही. कोचनी तुम्हाला "पुढे कामाला येईल" असं सांगितलं असेल तर जिल्हा संघटनेकडून ते लेखी विचारून घ्या. कामाला आलं नाही तरी मी पाठवाच म्हणेन, पण अनुभवासाठी पाठवतोय हे माहीत असू दे, म्हणजे उद्या अशीच बोलावणी वर्षाला चार आली तर कुठे हो म्हणायचं आणि कुठे नाही ते तुम्हाला कळेल.

९,५०० भरताना पैसे कोणा एकाच्या वैयक्तिक युपीआयवर टाकू नका, क्लबच्या किंवा आयोजकांच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. स्पर्धा रद्द झाली तर किती परत, हे भरण्याआधी विचारा. मुलींबरोबर बाई मॅनेजर आहे का, डॉर्मिटरीत रात्री कोण असणार, ग्राउंडवर डॉक्टर आहे का, हे विचारायला संकोच नको. तुमच्या फॅमिली मेडिक्लेमच्या कार्डाची झेरॉक्स तिच्या बॅगेत ठेवा आणि पॉलिसीत खेळताना झालेल्या दुखापतीबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

ग्लोव्ह मात्र आत्ताच घ्या, डिसेंबरची वाट बघू नका. नवा लेदरचा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो, हात मिटत नाही, बॉल आत येऊन बाहेर उडतो. रोज थोडा वेळ कॅच खेळायचे, रात्री आत बॉल ठेवून दोरीने बांधून ठेवायचा, असे काही आठवडे गेले की तो हाताचा होतो. एवढे पैसे खर्च करून घेतलेला तो ग्लोव्ह स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा हातात घातला तर पोरीचा कॅच सुटेल आणि तिला वाटेल आपलंच चुकलं.

आता राहिलं, आईवडिलांनी तिची मॅच बघायची नाही का. बघायची. पण एकाने. तुम्ही लिहिलंय की बायकोची मावसबहीण डिचोलीला असते आणि "तिच्याकडे एवढे जण कसे जाणार". एवढे जण नाही, तुमची बायको, म्हणजे आमची ताई, एकटी गेली तर मावसबहीण हातातलं काम टाकून दारात येईल. डिचोलीहून म्हापशाला बस आहे, अंतर वीसेक किलोमीटरच्या आत आहे, सकाळी निघून पहिल्या मॅचला आरामात पोचता येतं. ताईंनी टीमबरोबरच गाडीत यावं, तिकीट जातायेता ३,३०० धरा, इथे बस-रिक्षाचे दोनेक हजार, बहिणीच्या घरी काही घेऊन जायचं, वरखर्च मिळून तीन हजार, झाले ८,३००. मुलीच्या खर्चातून उरलेले ३,५०० आहेत, वरचे ४,८०० डिसेंबरच्या ८,५०० मधून निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवाळीत जाणार म्हणालात म्हणून ते मी धरलेच नाहीत. कर्ज शून्य.

तुम्हाला आत्ता वाईट वाटतंय ते समजतं मला, म्हणून माझ्या घरातलं सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलीची खो-खोची स्पर्धा नाशिकला होती, आम्ही पाच जण गेलो, हॉटेल, गाडी, सगळं क्रेडिट कार्डवर, आणि फक्त किमान रक्कम भरत राहिल्यामुळे ते बिल सव्वा वर्ष पुरलं. पण मला आठवतं ते वेगळं. तिसऱ्या दिवशी तिची मॅच साडेआठची होती ती पावणेआठला घेतली आणि आम्ही पंचवटीत सासूबाईंना घेऊन रांगेत उभे होतो, कारण एवढे पैसे घातलेत तर दर्शन पण व्हायला हवं ना. पोचलो तेव्हा मॅच संपली होती, ती बाकावर बसून बूट सोडत होती आणि एक डोळा गेटकडे. काही बोलली नाही, फक्त विचारलं, "आजीचं दर्शन झालं?" सगळ्यांना एकाच खर्चात खूश करायला गेलो आणि जिच्यासाठी गेलो तिचीच मॅच राहिली. लहान मुलांच्या स्पर्धेत वेळापत्रक असंच पुढेमागे होतं, सॉफ्टबॉलच्या सात इनिंग लवकर आटोपतात, कधी वेळेची मर्यादा लावून मॅच अजून आधी संपवतात. आठ वर्षांचा मुलगा ग्राउंडवर तीन दिवस बसणार नाही, तो समुद्र मागणार, आणि मग तुमचे दोन गट पडणार, एक बीचवर आणि एक ग्राउंडवर, दोघांची टॅक्सी वेगळी. ताई एकटी असेल तर तिला तेवढं एकच काम आहे, पोरगी पिच करत असताना समोर बसायचं. तुम्ही आणि आई घरून व्हिडिओ कॉलवर बघा, धाकट्याला पण दाखवा.

आणि आईंचं मंगेशी आणि धाकट्याचा समुद्र मी विसरले नाहीये. जो हप्ता तुम्ही ॲपवाल्याला द्यायला तयार होतात तोच, ५,५०० रुपये, जानेवारीपासून स्वतःच्या नावाने नवीन आरडीत टाका. मेअखेर २७,५०० आणि वर थोडं व्याज होईल. उरलेल्या तीन हजारातून दीड हजार मुलीच्या खेळाचे म्हणून वेगळ्या खात्यात, आणि त्याला घरात कोणी हात लावायचा नाही. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, महाराष्ट्रातल्या शाळा उघडायच्या आधी, पाचही जण या. स्लीपरने या, परवडतं. फोंड्याजवळ राहा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा सगळं एकमेकांच्या जवळ आहे, देवळांच्या अग्रशाळेत खोली मिळते का ते आधी फोन करून विचारा, आईंना तिथे हॉटेलपेक्षा बरं वाटेल. जूनमधे समुद्र खवळलेला असतो, पोहायला उतरायचं नाही, पण मिरामारला वाळूत उभं राहून धाकट्याला लाटा बघू दे, पहिल्यांदा बघणाऱ्याला तेवढ्याने पुष्कळ होतं. पावसाची एखादी सर येईल, आईंसाठी छत्री आणा. खर्च २७,५०० च्या थोडा वर गेला तर मेच्या उरलेल्या पैशातून भागेल, फार वर जात असेल तर एक रात्र कमी करा.

स्कूटर भाड्याने घ्याल तेव्हा काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नको, पोलिसांनी अडवलं तर तुमचाच दिवस जातो.

तिकिटाचं लगेच बघा. रेल्वेचं रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पण ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे दिल्लीहून २३ ला सुटून २४ डिसेंबरला भुसावळला येणाऱ्या गाडीसाठी २४ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता आणि २९ च्या परतीसाठी ३० ऑक्टोबरला. नाताळची गाडी आहे, वेटिंगला वेळ लागत नाही. ताईंचं तिकीट टीमच्याच डब्यात काढायला कोचना आजच फोन करा, आणि डिचोलीला पण एक फोन करा, बहिणीला आधी कळलेलं बरं.