काकांच्या हापूस आंब्यांसाठी वेबसाइट करायची आहे. वर्डप्रेस, विक्स की शॉपिफाय?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: देवगडजवळ काकांची शंभरेक कलमं आहेत. आजवर सगळा माल वाशीच्या दलालाकडे जायचा, यंदा पुण्या-मुंबईच्या घरगुती गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवायच्या आहेत. साइटचं काम तुम्ही पुण्यात नोकरी सांभाळून बघणार आणि त्यासाठी पंधरा हजार बाजूला काढलेत.

यंदा या तिन्हींपैकी काहीच घेऊ नका. एक डोमेन (साइटचा स्वतःचा पत्ता) विकत घ्या, गूगल साइट्सवर दोन-तीन पानं करा आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्या. वर्षाला हजार-बाराशेत भागेल. उरलेले पैसे चांगल्या खोक्यांना घाला, पहिल्या वर्षी मार खातात ती खोकीच.

मी कुडाळात राहते, छोट्या दुकानांच्या साइट करून देते. त्यामुळे घरच्या आंब्यांसाठी पहिल्याच वर्षी हौसेने वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन (जोड-प्रोग्राम) चढवून पूर्ण दुकान थाटलं होतं. कार्ट, कूपन, पिनकोड टाकला की डिलिव्हरीचा दिवस, सगळं. सीझन संपल्यावर मोजलं तर कार्टमधून आलेल्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर. बाकीच्यांनी साइट उघडली, बागेचे फोटो बघितले आणि सरळ फोन लावला. "देवगडचाच ना हो? कर्नाटकचा नाही ना?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "गुरुवारी पाहुणे आहेत, तोवर तयार होईल असा द्याल का?" आढीतून काढलेला द्यायचा की अजून चार दिवस घरी ठेवावा लागेल असा, हे बोलणं कुठल्याच कार्टमध्ये बसत नाही.

म्हणजे आंब्याच्या साइटचं खरं काम ऑर्डर घेणं नाही. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा नंबर टाकला, तर तो बघणाऱ्याला खात्री पटावी, एवढंच. त्यासाठी काका कलमाखाली उभे आहेत असा फोटो, गावाचं नाव, गूगल मॅपवर बागेची खूण आणि आजचा भाव पुरतो. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. काकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर ते प्रमाणपत्र पहिल्याच पानावर लावा. नसेल तर करून घ्या, वेबसाइटपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता भावाचं. मार्चअखेरचा भाव आणि मेच्या मध्यावरचा भाव यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे दीर पहाटे बागेत असायचे, कुठल्या साइजची फळं निघाली ते त्यांनाच ठाऊक. वर्डप्रेसमध्ये लॉगिन करून, प्रॉडक्ट उघडून, व्हेरिएशन शोधून भाव बदलणं त्यांच्याच्याने कधी झालं नाही. एकदा चार डझनी पेट्या संपल्या होत्या आणि साइट मात्र दुपारपर्यंत त्या विकत होती. पैसे परत करायचे, माफी मागायची, वर दिरांचा ओरडा, "तुझ्या त्या साइटीमुळे!"

तेव्हापासून गूगल शीट वापरते. तीनच रकाने: पेटी, भाव, आहे की संपली. शीट 'पब्लिश टू वेब' करून गूगल साइट्सच्या पानात बसवायची. दीर फोनवरून शीटमध्ये आकडा बदलतात आणि थोड्या वेळात पानावरही तो बदलतो. त्यांना साइट म्हणजे काय ते कळायची गरजच उरली नाही. रकाने तीनाच्या वर नेऊ नका, फोनच्या रुंदीत बसत नाहीत. शेजारी व्हॉट्सॲपचं बटण ठेवा. त्याच्या लिंकमध्ये मजकूर आधीच भरून ठेवता येतो: "मला __ डझनी पेटी हवी आहे, पिनकोड __". यामुळे निम्मे प्रश्न वाचतात. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉगही फुकट आहे, तोही भरा.

पैशांचा हिशोबही करून बघा. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या, साधारण २ टक्के घेतात, वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ३,००० च्या पेटीला ७० रुपये ८० पैसे गेले. यूपीआयचा क्यूआर दाखवून घेतले तर काही जात नाही. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात चालत नाही, म्हणून बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि त्याबद्दल शॉपिफाय बेसिक प्लॅनवर आणखी २ टक्के कापतं. शिवाय महिन्याचं भाडं आहेच. दुकान तात्पुरतं थांबवून ठेवायची स्वस्त सोय आहे, पण तीही फुकट नाही. तुमचा धंदा अडीच महिन्यांचा आणि भाडं पावसाळ्यातही भरायचं, हे मला पटत नाही. बारमाही माल असता, समजा मसाले किंवा चपला, तर मी शॉपिफायला इतक्या लवकर नाही म्हटलं नसतं.

विक्स दिसायला छान आहे आणि माऊसने ओढून पान रचता येतं. पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही. गूगल साइट्सचंही तसंच आहे, हे कबूल. फरक इतकाच की तिथे तुमचे पैसे अडकलेले नसतात आणि तीन पानं पुन्हा लिहायला एक संध्याकाळ पुरते. गूगलवर आंधळा विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत फुकट मिळणाऱ्या एकपानी साइट त्यांनी मार्च २०२४ मध्ये सरळ बंद केल्या. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डांवर छापला होता त्यांची कार्डं रद्दीत गेली. म्हणून पत्ता नेहमी स्वतःच्या डोमेनचा छापायचा. मागचं साधन उद्या बदललं तरी खोक्यावरचं नाव तेच राहतं.

डोमेनबद्दल मी जरा जास्तच बोलते, कारण त्यात माझं एकदा पोळलंय. ते पहिलं दुकान थाटलं तेव्हा डोमेन ओळखीतल्या एका मुलाकडून घेतलं. त्याने ते त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच नावाने नोंदवलं. पुढे त्याने नोकरी धरली, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर पडून राहिल्या आणि ऐन एप्रिलात साइट गायब. दंडासकट पैसे भरून नाव सोडवलं, पण त्याला शोधून काढण्यातच आठवडा गेला. तेव्हा डोमेन काकांच्या नावाने आणि घरातल्या ईमेलवर घ्या. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव बघा. आणि तीन-पाच वर्षांचे पैसे एकदमच भरून टाका. २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झालेत, 'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची फजिती मी पाहिली आहे.

डॉट इन घ्या. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं, हौस असेल तर तेही घ्या, पण फोनवर पत्ता सांगताना डॉट इनच बरं पडतं. आणि नावात 'हापूस' घालणार असाल तर आधी चार जणांना ते इंग्रजीत टाइप करायला सांगा. कुणी एक ए लिहितं, कुणी दोन, कुणी यू, कुणी डबल ओ. आम्ही शेवटी वाडीचं नाव घेतलं.

पुढच्या वर्षी शंभर-दीडशे ऑर्डरींच्या वर गेलात आणि फोन घेऊन जीव मेटाकुटीला आला, तर वूकॉमर्सचा विचार करा. वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग, अपडेट आणि बॅकअप तुमच्या गळ्यात. आठ महिने न उघडलेल्या साइटवरची जुनी प्लगिनं म्हणजे चोराला उघडं दार. एसएसएलचे (साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं. थीम निवडताना डेमो मराठी मजकूर टाकून बघा. इंग्रजीसाठी आखलेल्या थीममध्ये शीर्षकातल्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं, त्याने शिरोरेघ तुटते आणि 'हापूस' तीन तुकड्यांत दिसतो. ओळींची उंची कमी असेल तर वेलांट्या नि रफार वरून कापले जातात. दोन्ही सेटिंगमध्ये बदलता येतं, पण आधी लक्षात यायला हवं.

कराचं थोडक्यात: ताज्या आंब्यावर जीएसटी नाही आणि स्वतःच्या बागेतला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. पण पल्प किंवा आंबापोळी राज्याबाहेर पाठवायला लागलात की नोंदणी सक्तीची, तिथे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंतची सूट कामाला येत नाही. खाद्यपरवानाही बघावा लागेल. त्या आधी एकदा सीएकडे जाऊन या.

आणि एक पान साक्यावर लिहाच. बाहेरून फळ सोन्यासारखं दिसतं आणि कापलं की आत पांढरा, आंबट साका. काकांनाही तो कापल्याशिवाय कळत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं. आमच्या पानावर असं आहे: "साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा. पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त येतील." दिरांचा याला कडाडून विरोध होता, लोक एकच फोटो दहा वेळा पाठवतील म्हणे. तसं अजून कुणी केलेलं नाही. उलट एका आजींनी सहा फळांचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "दोनच खराब आहेत, बाकीची फोटोत दिसावीत म्हणून ठेवली."