आजोबा आग्वादच्या तुरुंगात गेले, म्हणून गोव्याचा कायदा लागू नाही?

प्रश्न : आम्ही मूळ फोंड्याचे. वडील नोकरीसाठी पुण्यात होते, निवृत्तीनंतर गावी परतले आणि 2015 साली वारले. पुण्यातला फ्लॅट त्यांनी मृत्युपत्राने सगळाच भावाला दिला. मी हिस्सा मागितला तर भाऊ म्हणतो, "ज्यांच्याविरुद्ध आजोबा आग्वादच्या तुरुंगात गेले, त्या पोर्तुगिजांचा कायदा तू मला दाखवतेस? शिवाय फ्लॅट पुण्यात आहे." आता तो गिऱ्हाईक शोधतोय. आई हयात आहे.

उत्तर : ताई, भावाचं बोलणं ऐकायला जोरदार आहे, पण कोर्टात टिकणार नाही. आजोबांचं नाव त्यानंच काढलंय, म्हणून आधी त्याबद्दल.

आजोबांच्या पिढीचं गाऱ्हाणं वेगळं होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभेला परवानगी लागे आणि छपाईवर सेन्सॉर असे. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. लोहिया बोलायला उभे राहिले ते याच बंदीविरुद्ध. पुढे 1954 मध्ये एका मेजवानीत वक्त्यानं गोवा म्हणजे पोर्तुगालच असा सूर लावला, तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे 'मी निषेध करतो' एवढंच म्हणाले. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला धाडण्यात आलं. साधं बोलायचीही चोरी होती, म्हणून लोक तुरुंगात गेले. मुलींना मिळणारा वाटा काढून घ्या, अशी त्यांची मागणी नव्हती.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर आपल्याच संसदेनं 1962 च्या प्रशासन कायद्यात, कलम 5 मध्ये लिहिलं की तिथले चालू कायदे बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत लागू राहतील. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता, म्हणजे लग्न आणि वारसा यांचा कायदा, अशी टिकली. (खुद्द पोर्तुगालनं ती 1967 मध्ये मोडीत काढली, हा भाग वेगळा.) सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये होझे पावलो कुतिन्यो यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की ही संहिता मुळात परकी असली तरी संसदेनं स्वीकारल्यामुळे तो आता भारतीय कायदा आहे, आणि गोव्याचं डोमिसाइल (कायद्यानं मानलेलं कायमचं वास्तव्य) असलेल्या माणसाच्या भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला तोच लागू होतो. त्या खटल्यातली मालमत्ता मुंबईत होती, तुमची पुण्यात, एवढाच फरक.

आता हिशेब. तुम्ही स्वतःबद्दल विचारलंत, पण पहिला हक्क आईचा आहे. लग्न गोव्यात झालं असेल आणि त्याआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक धरतात. म्हणजे निम्मा फ्लॅट आईचाच. वडिलांना तो मृत्युपत्रात घालताच येत नव्हता. उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर आईला 50 टक्के, तुम्हाला साडेबारा आणि भावाला साडेसदतीस. मृत्युपत्र रद्द होत नाही, फक्त राखीव हिश्श्यापुरतं कापलं जातं.

भाऊ खरा भांडेल तो डोमिसाइलवर : वडील इतकी वर्षं पुण्यात होते, ते गोव्याचे राहिलेच नव्हते, असं म्हणेल. माझ्या मते हीच तुमच्या दाव्यातली नाजूक जागा. फोंड्याचं घर, घरपट्टी, मतदार यादीतलं नाव, आईवडिलांच्या लग्नाची सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद, गावी परतल्याचे पुरावे असं सगळं आजच गोळा करा.

आईच्या आणि तुमच्या नावानं भावाला नोटीस पाठवा. एक प्रत सोसायटीला द्या आणि पुण्याच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापा. मग गोव्याच्या दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा (मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याचा) अर्ज करून विक्रीला मनाई मागा. वडिलांना जाऊन बराच काळ लोटलाय, मुदतीचा प्रश्न निघेल. वकील या आठवड्यातच गाठा. आणि भावानं पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर आईची सही होऊ देऊ नका.